भास्करपंतांची स्वारी आणि वीरधर्म

रतनपूरच्या शरणागतीची हकीकत जुन्या गॅझेटियरात दिली आहे. १७४१ च्या सुमारास नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्कर राम कोल्हटकर फौजेसह छत्तीसगडात उतरले. रतनपूरचा हैहयवंशी राजा रघुनाथसिंह साठीच्या घरात होता. एकुलता एक मुलगा गेल्यापासून वर्षभर त्याने राज्यकारभारात लक्षच घातले नव्हते. तोफांच्या माऱ्याने वाड्याचा काही भाग ढासळू लागला, तेव्हा एका राणीने तटावर चढून तहाचे निशाण दाखविले. पंत त्या शोकाकुल वृद्धाशी कठोरपणे वागले नाहीत. भोसल्यांच्या नावाने कारभार करण्यास त्यांनी त्याला गादीवर राहू दिले. मराठी वाचकाला येथे अभिमान वाटतो, आणि तो अगदीच अस्थानी नाही. परंतु शहरावर एक लाखाचा दंड बसला, खजिना रिता झाला आणि आसपासचा मुलूख लुटला गेला, हेही तेथेच नमूद आहे.

वीरधर्माची ही दोन तोंडे केवळ आमचीच नव्हेत. इंग्लंडचा ‘काळा राजपुत्र’ एडवर्ड याने १३५६ साली प्वातिएच्या रणांगणावर फ्रान्सचा राजा जॉन याला कैद केले आणि त्या रात्री स्वतः उभे राहून त्याला जेवण वाढले, असे बखरकार फ्रॉइसार सांगतो. आदल्याच वर्षी याच राजपुत्राने दक्षिण फ्रान्समधील गावेच्या गावे जाळीत नेली होती. बंदिवान राजा हा बरोबरीचा. त्याच्या खंडणीची रक्कमही मोठी. शेतकरी त्या शिष्टाचारात बसतच नव्हता.

महामारीला मात्र ही पायरी ठाऊक नव्हती. तिसऱ्या एडवर्डने ‘गार्टर’ या सरदारमंडळाची स्थापना केली ती परंपरेने १३४८ सालची मानतात. त्याच वर्षी लग्नासाठी निघालेली त्याची मुलगी जोन बोर्दोला प्लेगने गेली. साथीने मजूर दुर्मिळ होऊन मजुरी वाढली, तर १३५१ मध्ये ती कायद्याने दाबण्यात आली. राजकन्या गेली तरी राज्यकर्त्यांची दृष्टी बदलली नाही!

पंतांचा शेवट आपण विश्वासघात म्हणून सांगतो, आणि तो होताच. ३१ मार्च १७४४ रोजी मनकरा येथे अलीवर्दीखानाने तहाच्या बोलण्यासाठी तंबूत बोलावून त्यांना व वीसेक सरदारांना ठार मारले. पण तत्पूर्वीची दोन वर्षे बंगालच्या खेड्यांनी काय सोसले, ते गंगारामाच्या ‘महाराष्ट्रपुराण’ या बंगाली काव्यात आहे. बंगाली अंगाईत बर्गी अजूनही येतात. आमचे बंगाली शेजारी ती म्हणतात आणि आम्ही भिंतीअलीकडे मुलांना भोसल्यांचा पराक्रम सांगतो. दोन्ही गोष्टी खऱ्या. मात्र एका घरात दोन्ही सांगण्याचे धैर्य आमच्यात क्वचितच आढळते.

येथे गुढ़ियारीत ही चर्चा निघते तेव्हा रायपूरच्या हैहय शाखेचा कोणाला आठव नसतो. तिचा राजा अमरसिंह याला १७५० मध्ये लढाईवाचून पदच्युत करण्यात आले. रायपूर, राजिम व पाटण हे परगणे वर्षाला सात हजार रुपये भरण्याच्या अटीवर त्याच्याकडे राहिले. पुढे तेही गेले. त्याचा मुलगा शिवराजसिंह याला बिंबाजी भोसल्यांनी निर्वाहासाठी बडगाव हे गाव करमुक्त दिले, आणि रायपूर मुलखातील दर गावामागे एक रुपया.