स्थितिस्थापकतेचा नियम आणि अग्रहक्काचा वाद : रॉबर्ट हूक यांच्या कार्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

स्प्रिंगला टांगलेले वजन दुप्पट केले की तिच्या लांबीतील वाढही दुप्पट होते, हे विधान पदार्थविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित आहे. 'हूकचा नियम' या नावाने ते एका समीकरणात शिकविले जाते आणि प्रयोगशाळेत आलेख काढून पडताळलेही जाते. मात्र हा नियम कोणत्या परिस्थितीत मांडला गेला, तो कूटात का दडविला गेला आणि त्याला आजचे स्वरूप कसे आले, या प्रश्नांकडे पाठ्यपुस्तके सहसा वळत नाहीत. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

घड्याळाची पार्श्वभूमी

रॉबर्ट हूक (१६३५-१७०३) यांची १६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोगांची व्यवस्था पाहण्यासाठी नेमणूक झाली. समुद्रावर रेखांश निश्चित करणे हा त्या काळी सागरी राष्ट्रांपुढील मोठा प्रश्न होता व त्यासाठी अचूक घड्याळाची गरज होती. ख्रिस्तिआन हायगेन्स यांनी १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ सिद्ध केले होते. परंतु हेलकावणाऱ्या जहाजावर लंबक विश्वासार्ह ठरत नव्हता. लंबकाच्या बाबतीत गुरुत्वाकर्षण जे कार्य करते, तेच तोलचक्राला जोडलेल्या स्प्रिंगकडून करवून घ्यावे, ही कल्पना म्हणूनच महत्त्वाची होती. हूक यांच्या म्हणण्यानुसार ती त्यांना १६५८ च्या सुमारास सुचली. एकस्व मिळविण्यासाठी रॉबर्ट बॉईल, लॉर्ड ब्राउंकर आणि रॉबर्ट मोरे यांच्याबरोबर बोलणीही झाली. मात्र पुढे कोणी सुधारणा केल्यास लाभ त्या सुधारकाकडे जावा, ही अट हूक यांना मान्य झाली नाही व बोलणी फिसकटली.

१६७५ मध्ये हायगेन्स यांनी सर्पिल स्प्रिंगच्या घड्याळाची रचना पॅरिसच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. हूक यांनी आपला अग्रहक्क सांगितला, टॉमस टॉम्पियन या कारागिराकडून घड्याळ घडवून घेतले आणि त्यावर शोधाचे साल १६५८ असे कोरवून ते राजा दुसरा चार्ल्स यास सादर केले. परंतु केवळ कोरीव सालाने वाद मिटणे शक्य नव्हते.

कूटातील नियम

या पार्श्वभूमीवर हूक यांनी १६७६ च्या एका पुस्तिकेच्या शेवटी आपला नियम चौदा लॅटिन अक्षरांच्या, वर्णानुक्रमे लावलेल्या कूटातून छापला. असे कूट ही त्या काळातील रूढ पद्धत होती. शनीच्या कड्याविषयीचा आपला निष्कर्ष हायगेन्स यांनीही आधी कूटातच प्रसिद्ध केला होता. शोध उघड न करता तारीख नोंदविण्याचा हा मार्ग होता. १६७८ मध्ये स्प्रिंगवरील ग्रंथात हूक यांनी कूट उलगडले. जेवढी ताणवाढ तेवढे बल, हा त्याचा अर्थ.

या ग्रंथात मळसूत्री स्प्रिंग, घड्याळाची स्प्रिंग, छतापासून टांगलेली लांब तार आणि एका टोकाशी पक्की केलेली लाकडी पट्टी यांवरील प्रयोग आहेत. पारड्यात क्रमाने वजने वाढवावीत व प्रत्येक वेळी वाढ मोजावी, अशी ही साधी रीत होती. धातू, लाकूड, दगड, केस, शिंग, रेशीम, हाड, काच अशा सर्व पदार्थांना नियम लागू असल्याचे हूक यांनी प्रतिपादन केले. याच नियमाच्या आधारे, स्प्रिंगची आंदोलने लहान असोत वा मोठी, त्यांना समान काळ लागतो, असेही त्यांनी दाखविण्याचा प्रयत्न केला. घड्याळ अचूक का चालावे, याचे उत्तर नेमके येथे आहे. म्हणजेच कूटात दडविलेला नियम हा वादग्रस्त घड्याळाचा सैद्धान्तिक पायाच होता.

नियमाचा पुढील प्रवास

आजचा नियम मात्र जसाच्या तसा हूक यांचा नाही. त्यांचे विधान विशिष्ट वस्तूविषयी होते; तार जाड असो वा बारीक, तिचे प्रमाण वेगळे काढावे लागे. प्रमाणबद्धता किती ताणापर्यंत टिकते, ही मर्यादाही त्या विधानात नव्हती. याकोब बर्नोली यांनी सरळ प्रमाणाच्या सार्वत्रिकतेवर शंका घेतली. टॉमस यंग यांनी १८०७ मध्ये पदार्थाच्या गुणांकाची कल्पना मांडली. तीही आजच्यासारखी नव्हे, तर त्या पदार्थाच्याच स्तंभाच्या वजनाच्या रूपात. १८२२ मध्ये ओग्युस्तँ कोशी यांनी प्रतिबलाची सर्वसाधारण संकल्पना मांडली, तेव्हा वस्तूचा नियम पदार्थाचा नियम होण्याची वाट मोकळी झाली. रबरासारखा पदार्थ मोठ्या ताणाखाली सरळ प्रमाण पाळत नाही, हेही पुढे स्पष्ट झाले.

निष्कर्ष

२००६ मध्ये हूक यांच्या हस्ताक्षरातील टिपणांचा पाचशेहून अधिक पृष्ठांचा संग्रह इंग्लंडमधील एका घरात सापडला व रॉयल सोसायटीने तो मिळविला. १६७० च्या बैठकीत हूक यांनी घड्याळ सादर केल्याची नोंद त्यात असल्याने त्यांच्या दाव्याला बळ मिळाले. १६५८ हे साल मात्र त्यामुळे सिद्ध होत नाही. ज्या घड्याळासाठी हूक यांनी गुप्तता पाळली, त्याचे श्रेय दीर्घकाळ प्रामुख्याने हायगेन्स यांना मिळाले. जो नियम त्यांनी प्रयोगांसह उघड केला, तो त्यांच्या नावाने टिकला. शोध जपून ठेवल्याने त्यावरील हक्क सुरक्षित राहतोच असे नाही, इतरांना पडताळता येईल अशा रीतीने मांडल्यानेच तो ज्ञान ठरतो. हा नियम वर्गात शिकविताना समीकरणाबरोबर हा इतिहासही सांगितला गेल्यास विज्ञानाची कार्यपद्धती विद्यार्थ्यांना अधिक स्पष्टपणे कळेल.