नेपच्यूनच्या तलावाचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार या शब्दाला आपल्याकडे पुण्याचा गंध आहे. नवे देऊळ बांधण्यापेक्षा पडके देऊळ उभे करणाऱ्यास अधिक पुण्य लागते, अशी आपल्या पूर्वजांची समजूत होती. अहल्याबाई होळकरांचे नाव दूरदूरच्या तीर्थक्षेत्रांत आदराने घेतले जाते ते याच कारणाने. परंतु जीर्ण झालेली वास्तू देवाची नसून एखाद्या विलासी धनिकाची असेल, आणि तीही त्याच्या राहत्या घरातील पोहण्याचा तलाव असेल, तर तिच्या उद्धारासाठी लोकांनी झीज सोसावी काय? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन सिमियन येथे जो नेपच्यूनचा तलाव आहे, त्याचा इतिहास वाचताना हा प्रश्न मनात उभा राहिल्यावाचून राहत नाही.

विल्यम रँडॉल्फ हर्स्ट हा अमेरिकन वृत्तपत्रसृष्टीतील एक बलाढ्य सत्ताधीश. त्याच्या खाणमालक पित्याने सॅन सिमियनच्या आसमंतात विस्तीर्ण कुरणे घेऊन ठेविली होती. १९१९ साली मातेच्या मृत्यूनंतर ती हर्स्टच्या हाती आली. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या तेथील एका टेकडीवर घर बांधण्याचे काम त्याने ज्यूलिया मॉर्गन या स्थापत्यविशारद स्त्रीवर सोपविले. पॅरिसच्या प्रख्यात कलाविद्यालयात स्थापत्याची पदविका मिळविणारी ही पहिली स्त्री. सलोह काँक्रीटवर तिचे विशेष प्रभुत्व होते. ओकलंड येथील मिल्स कॉलेजात तिने १९०४ साली बांधलेला घंटामनोरा १९०६ च्या प्रलयंकर भूकंपात जसाच्या तसा उभा राहिला, तेव्हा तिच्या विद्येची साक्ष सर्वांस पटली. सॅन सिमियनचे काम तिने १९४७ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, चालविले.

या दीर्घकाळातील हर्स्टचे वर्तन पाहिले, की धनिकाचा छंद आणि कलावंताचा ध्यास यांतील सीमारेषा किती पुसट असते ते कळते. बांधलेले पाडावे, पाडलेले पुन्हा बांधावे, असा त्याचा क्रम. नेपच्यूनच्या तलावाचेही हेच झाले. १९२४ साली पहिला तलाव झाला. तो पुरेसा वाटेना म्हणून १९२६-२७ मध्ये मोठा करण्यात आला. त्यानेही समाधान होईना, तेव्हा १९३४ ते १९३६ या काळात तिसऱ्यांदा रचना होऊन आजचे रूप सिद्ध झाले. या तलावाची लांबी १०४ फूट असून त्यात ३,४५,००० गॅलन, म्हणजे सुमारे तेरा लाख लिटर, पाणी मावते. काठावर रोमन देवालयाचा दर्शनी भाग उभा आहे. त्यातील काही अवशेष खरोखर प्राचीन, तर काही भाग त्यांना जोडण्यासाठी नव्याने घडविलेले. नेपच्यून हा रोमन लोकांचा समुद्रदेव, आपल्या वरुणाचा सगोत्रच म्हणावयाचा.

हा तिसरा तलाव कोणत्या वर्षी खोदला जात होता, तेही लक्षात ठेविले पाहिजे. १९३४ साली आर्थिक मंदीने पोळलेल्या याच कॅलिफोर्नियात कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर दारिद्र्यनिर्मूलनाचा कार्यक्रम घेऊन गव्हर्नरपदासाठी उभा राहिला होता, आणि त्याच्या पराभवासाठी झटणाऱ्या वृत्तपत्रांत हर्स्टची वृत्तपत्रेही होती. बेकारांच्या रांगा एकीकडे आणि संगमरवराच्या राशी दुसरीकडे, असा तो विरोध आहे. पुढे १९३७ मध्ये हर्स्टचे स्वतःचेच आर्थिक गाडे अडले आणि त्याला आपल्या संग्रहातील कितीतरी वस्तू विकाव्या लागल्या. प्रकृती ढासळल्यामुळे १९४७ साली त्याने टेकडी सोडली. १९५१ मध्ये त्याचे देहावसान झाले. त्याच्या कंपनीने १९५७ साली हा सारा प्रासाद राज्य सरकारच्या स्वाधीन केला, व १९५८ पासून तो लोकांस पाहावयास खुला झाला.

दान घेणे सोपे. दान सांभाळणे अवघड. पाण्याने भरलेली वास्तू इतर वास्तूंहून लवकर थकते. काँक्रीट आकसते, उन्हाने फुगते, जमिनीच्या हालचालीने त्यास केसाएवढ्या भेगा पडतात, आणि पाण्यास तेवढी वाट पुरते. वर दिसणारा संगमरवर हा केवळ अंगरखा होय. पाणी धरून ठेवण्याचे काम त्याच्या आतील थर करीत असतात. त्यामुळे गळती वरवरच्या डागडुजीने थांबत नाही. ती कायमची थांबवावयाची, तर फरशी उखडूनच आत शिरावे लागते. नेपच्यूनच्या तलावातून रोज हजारो गॅलन पाणी झिरपू लागले होते. अशातच कॅलिफोर्नियावर अवर्षणाचे संकट आले. जानेवारी २०१४ मध्ये गव्हर्नरांनी आणीबाणी पुकारली, आणि त्याच वर्षी तलाव रिकामा करण्यात आला. योगायोग असा की, अमेरिकन स्थापत्यविशारदांच्या संस्थेने आपले सुवर्णपदक ज्यूलिया मॉर्गनला मरणोत्तर दिले तेही २०१४ सालचेच. हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री. कर्तीचा गौरव झाला, तेव्हा तिची कृती कोरडी पडली होती.

पुढील चार वर्षांत जुनी फरशी काढून गळती बुजविण्यात आली, मुळाशी जुळणारा व्हर्माँटचा संगमरवर नव्याने बसविण्यात आला, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तलाव पुन्हा भरला. सुमारे एक कोटी डॉलर खर्च आला.

येथे रस्किनची आठवण होते. जुन्या इमारतींचे पुनरुज्जीवन म्हणजे शुद्ध असत्य, असे त्याचे मत होते. गेलेल्या कारागिरांचा हात परत आणता येत नाही, म्हणून इमारतीची निगा वेळीच राखावी, नंतर नक्कल करू नये, असा त्याचा उपदेश. या कसोटीस नेपच्यूनचा तलाव उतरेल काय? फरशी नवी, तेव्हा तलाव खोटा, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या तलावास त्याच्या धन्यानेच तीनदा जन्म दिला, ज्याच्या काठचे देवालय जुन्यानव्याच्या मिश्रणातून उभे राहिले, त्याच्या बाबतीत मूळ ते कोणते? टिकवावयाची होती ती मॉर्गनची योजना: प्रमाणे, उतार, पाण्यात पडणारे आकाशाचे प्रतिबिंब. ती योजना गळक्या तलावात जिवंत राहू शकत नव्हती.

खर्चाचा आक्षेप याहून गंभीर आहे, व तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सर्वसामान्य प्रेक्षकाने या पाण्यात उतरावयाचे नसते. त्याने काठावरून पाहून परतावयाचे. तेव्हा पोहता न येणाऱ्या तलावावर कोटीची रक्कम घालणे हा अपव्यय नव्हे काय? तथापि अवर्षणाच्या प्रदेशात अहोरात्र पाणी गमावणारा तलाव तसाच राहू देणे हा त्याहून मोठा अपव्यय. आणि तो कायमचा कोरडा ठेवावा, तर जे लोकांस दान म्हणून मिळाले त्याचा सांगाडाच तेवढा पुढील पिढीच्या हाती पडणार. हर्स्टने तलाव मोडला तो हौसेखातर. सरकारने उखडला तो राखण्यासाठी. कुदळ तीच, पण हेतू निराळा, आणि जीर्णोद्धाराचे पुण्य हेतूवर अवलंबून असते.

पूर्ण झालेल्या तलावाचा उपभोग हर्स्टला जेमतेम अकरा वर्षे मिळाला. लोकांच्या ताब्यात तो आता साठ वर्षांहून अधिक काळ आहे. ज्याच्याकडे वस्तू अधिक काळ राहिली, तिची झीज भरून काढण्याचे कर्तव्यही त्याचेच, हा साधा व्यवहार आहे. आणि तो जुन्या वाड्यांनाही लागू पडतो व राजांच्या राजवाड्यांनाही.