बांधीतली लाखोडी आणि मुळावरची गाठ

साकोली तालुक्यातील एकोडी हे धानाच्या मुलखातले गाव. या मुलखात धान उभे असतानाच ओल्या बांधीत लाखोडी फेकायची, धुऱ्यावर तूर लावायची आणि सांदवाडीत पोपटाच्या शेंगांचा वेल चढवायचा, ही जुनी वहिवाट. द्विदलाने जमीन सुधारते हे शेतकरी अनुभवाने जाणत होता. कारण कळायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडली.

१८८६ साली जर्मनीत हेलरीगेल यांनी मुळांवरच्या गाठींमुळे द्विदलांना हवेतला नत्र मिळतो, हे मांडले. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी गाठीतले जिवाणू वेगळे काढले. १९०४ मध्ये हिल्टनर यांनी मुळाभोवतीच्या मातीला ‘ऱ्हायझोस्फिअर’ हे नाव दिले. भारतात एन. व्ही. जोशी यांनी १९२० साली या जिवाणूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्यवहार साधा आहे : झाड जिवाणूंना साखर देते, जिवाणू झाडाला नत्र. युरिया भरपूर पडला, की झाड गाठीच कमी धरते.

पुढे लाखोडी सतत खाल्ल्याने पाय लुळे पडतात म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. ताटाचा प्रश्न खरा होता. पण लाखोडी गेल्यावर बांधीला नत्र कोण देणार, हा प्रश्नही तितकाच खरा. त्याचे उत्तर पोत्यातून आले, आणि ते दरवर्षी विकत घ्यावे लागते.

फुलावर आलेली तूर उपटून गाठ चिरून पाहावी. आत लालसर असेल, तर जुना व्यवहार अजून चालू आहे.