बीड जिल्ह्यातील इंग्रजी अध्ययन आणि वर्तमानकाळाची क्रियापदे

मराठी विद्यार्थ्याच्या इंग्रजी लेखनात वर्तमानकाळाची रूपे चुकतात, ही तक्रार इंग्रजी शिक्षणाइतकीच जुनी आहे. मराठीत साधा आणि चालू वर्तमानकाळ यांतील भेद शिथिल आहे, म्हणून ‘ही गोज’ आणि ‘ही इज गोइंग’ यांची गल्लत होते, असे तिचे कारण सामान्यतः सांगितले जाते. ग्रांथिक मराठीपुरते ते बव्हंशी खरे आहे. ‘कोठे जातोस?’ हा प्रश्न वाटेत भेटलेल्या माणसास आत्ताच्या जाण्याविषयी विचारता येतो आणि नित्याच्या जाण्याविषयीही; शिवाय ‘उद्या बीडला जातो’ या वाक्यात तेच रूप भविष्याचे काम करते. परंतु बीड जिल्ह्याच्या बाबतीत हे कारण अपुरे पडते. येथील विद्यार्थी घरी जी मराठी बोलतो ती ग्रांथिक मराठी नव्हे, आणि १९४८ पर्यंत त्याचा इंग्रजीशी परिचय बहुधा मराठीतून होतही नव्हता.

बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानच्या कारभारात १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली. पुढे १९१७ च्या फर्मानाने स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दू केले. इंग्रजी तेथे आवश्यक विषय म्हणून राहिली. याचा परिणाम खाली माध्यमिक शाळांपर्यंत पोहोचणे अपरिहार्य होते. मराठीतून शिकविण्याचा आग्रह खाजगी संस्थांनी धरला. अंबाजोगाईची, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादची, योगेश्वरी शाळा ही त्यांपैकी प्रमुख होय. स्वामी रामानंद तीर्थांनी हिप्परग्यानंतर १९३० च्या दशकात येथेच अध्यापन केले. अशा मोजक्या शाळा वगळल्या, तर जिल्ह्यातील मराठी मुलाच्या दृष्टीने इंग्रजी ही दुसऱ्या परभाषेच्या खिडकीतून दिसणारी तिसरी भाषा होती.

या खिडकीचा गुण विचारात घेण्याजोगा आहे. उर्दूत ‘वह जाता है’ आणि ‘वह जा रहा है’ ही दोन रूपे स्वतंत्र आहेत, आणि त्यांच्या अर्थांची वाटणी इंग्रजीतील दोन रूपांच्या वाटणीशी पुष्कळ जुळते. म्हणजे अर्थाच्या बाजूने उर्दूमार्गे येणाऱ्याची सोय होती. अडचण रूपाच्या बाजूने होती. उर्दूत नित्याच्या क्रियेलाही ‘है’ हे साहाय्यक लागते. शब्दाला शब्द ठेवणारा विद्यार्थी ‘है’च्या जागी ‘इज’ घालणार आणि ‘ही इज गो’ असे लिहिणार. मराठीमार्गे येणाऱ्याची स्थिती नेमकी उलट. ‘तो जातो’ हे एकपदी रूप ‘ही गोज’शी रचनेने जुळते, पण अर्थाची सीमा जुळत नाही. १९४८ नंतर माध्यम बदलले तेव्हा एक प्रकारची चूक मागे पडून दुसऱ्या प्रकारची पुढे आली असली पाहिजे, असे दोन्ही भाषांच्या रचनेवरून अनुमान निघते.

मात्र काही चुका माध्यमांतराने हलल्या नसणार, कारण त्यांचे मूळ मराठी आणि उर्दू यांच्या समान ठेवणीत आहे. ‘माझे वडील शेती करतात’ यातील बहुवचन आदरार्थी आहे. उर्दूतही वडिलांसाठी ‘करते हैं’ असेच म्हटले जाते. त्यावरून ‘माय फादर डू’ असे लिहिणारा मुलगा वचनाचा नियम विसरलेला नसतो. वडिलांचा एकेरी उल्लेख करणे त्याला प्रशस्त वाटत नसते. ‘त्याला दोन मुलगे आहेत’ या वाक्यात क्रियापद मुलग्यांप्रमाणे चालते, मालकाप्रमाणे नव्हे; म्हणून ‘ही हॅव टू सन्स’. ‘त्याने पुस्तके वाचली आहेत’ यात क्रियापद कर्माच्या मागे जाते; म्हणून पुन्हा ‘ही हॅव’. या तिन्ही चुका एकाच तांबड्या शाईने खोडल्या जातात आणि तिन्हींवर ‘तृतीय पुरुषी एकवचनास एस लावा’ हा एकच उपाय सांगितला जातो. वास्तविक पहिलीचे कारण सामाजिक, दुसरीचे स्वामित्वाच्या कल्पनेतील आणि तिसरीचे कर्मणी प्रयोगातील आहे. (मराठीतही असा ‘स’ आहे, पण तो ‘जातोस’मध्ये, द्वितीय पुरुषी, परभाषेतील ओळखीचा आवाज अनोळखी जागी भेटावा, तसा हा प्रकार आहे.)

आता बोलीकडे वळले पाहिजे. बीडसह मराठवाड्याच्या बऱ्याच भागांत चालू क्रियेसाठी ‘करायलाय’, ‘जायलाय’, ‘काय करायलास?’ अशी रूपे सर्रास वापरली जातात. ‘पोरगं शाळेत जातंय’ या वाक्यात थोडी संदिग्धता राहू शकते. ‘पोरगं शाळेत जायलंय’ यात ती राहत नाही. पोरगे वाटेवर आहे, हे ऐकणाऱ्यास निश्चित कळते. म्हणजे इंग्रजीला जो भेद हवा आहे, तो या जिल्ह्यातील मुलास शाळेत येण्यापूर्वीच अवगत असतो. शाळा हे रूप ग्राम्य म्हणून वर्ज्य करते आणि त्याच्या जागी ‘जात आहे’ हे पुस्तकी रूप देते, जे मुलाच्या कानावर वर्गाबाहेर क्वचितच पडलेले असते. मग अनोळखी मराठी रूपाच्या आधारे अनोळखी इंग्रजी रूप शिकविले जाते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून रूढ झालेल्या भाषांतर पद्धतीत वाक्यास वाक्य ठेवण्याची शिस्त आहे, आणि ती शिस्त मोलाची आहे. परंतु तिच्यातील मराठी वाक्य कोणाचे, हा प्रश्न पुणे-मुंबईत विचारण्याची गरज भासली नाही. बीडमध्ये तो विचारावयास हवा होता.

व्याकरणातील परिभाषेनेही गोंधळात भर घातली. शालेय मराठी व्याकरण वर्तमानकाळाचे साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती असे चार भेद करते. पैकी रीती वर्तमानकाळ, ‘तो जात असतो’, हा सवय सांगतो. इंग्रजीत सवयीचे काम साध्या वर्तमानकाळाकडे आहे. विद्यार्थी ‘असतो’मध्ये ‘इज’ पाहतो आणि ‘ही इज गोइंग टू स्कूल डेली’ असे लिहितो. त्याच्या हाती दिलेल्या कोष्टकाप्रमाणे त्याचे उत्तर बरोबरच असते. कोष्टकच दुसऱ्या भाषेचे असते.

या कोष्टकांस शाश्वत मानण्याचे कारण नाही, हे अंबाजोगाईच्याच वाङ्मयीन परंपरेवरून दाखविता येते. परंपरा ज्यांना तेथे मानते त्या मुकुंदराजांच्या काळच्या मराठीत ‘करी’ हे वर्तमानकाळाचे रूप होते. आज ‘तो रोज पूजा करी’ म्हटले तर गतकाळातील सवय कळते. वर्तमानाचे काम धातुसाधितापासून झालेल्या ‘करतो’ने घेतले आहे. हिंदी-उर्दूत त्याच जुन्या वर्तमानाचे वंशज ‘करे’ हे इच्छा, संभव सांगू लागले. एकच प्राकृत रूप दोन शेजारी भाषांत दोन दिशांनी गेले. इंग्रजीचाही इतिहास असाच आहे. १६११ च्या राजमान्य बायबलात तृतीय पुरुषी एकवचनास ‘एथ’ प्रत्यय आहे. उत्तरेकडील बोलींतून आलेला ‘एस’ पुढे प्रमाण ठरला. चालू वर्तमानकाळाचा आजचा काटेकोर वापरही गेल्या तीन-चार शतकांत पक्का झाला. प्रमाण इंग्रजीने आपला प्रत्यय एका प्रांतिक बोलीकडून घेतला, ही गोष्ट ‘जायलाय’ खोडणाऱ्या शिक्षकास सहसा सांगितली गेलेली नसते.

२००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविली जाते. त्यामुळे वरील प्रश्न आता सहा वर्षांच्या मुलापाशी येऊन ठेपला आहे, आणि बीड जिल्ह्यात त्याला आणखी एक बाजू आहे. येथील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. गावी आजीपाशी राहिलेले मूल घरची स्थिती सांगताना म्हणते: माय-बाप दरसाल तोडीला जातात, औंदा बी गेलेत, आता कारखान्यावर ऊस तोडायलेत. साधा, पूर्ण आणि चालू हे वर्तमानकाळाचे तीन प्रकार या तीन वाक्यांत अचूक आले आहेत, आणि त्यांपैकी एकाचेही इंग्रजी रूपांतर करताना अर्थाविषयी शंका उरत नाही. पाठ्यपुस्तकातील नमुना वाक्ये मात्र बहुधा सूर्याच्या पूर्वेस उगवण्यापासून सुरू होतात.