म्हादईचा वाद: जेमतेम चार टीएमसी पाण्यासाठी गोवा आणि कर्नाटक का भांडतात?

बेळगावहून चोर्ला घाटमार्गे कधी गोव्याला गेला असाल, तर वाटेत कणकुंबी लागलं असेल. खानापूर तालुक्यातलं, दाट जंगलातलं, धो-धो पावसाचं गाव. मलप्रभा नदी इथेच उगम पावते, पूर्वेला वाहत जाऊन कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. याच गावाजवळचा कळसा नाला मात्र पश्चिमेला वळतो, म्हादईला मिळतो आणि गोव्यातून अरबी समुद्रात पोहोचतो.

म्हणजे पावसाचा थेंब डोंगराच्या कुठल्या बाजूला पडला, यावर तो कुठल्या समुद्रात जाणार हे ठरतं. पश्चिमेला जाणारं पाणी पूर्वेला वळवायचं की नाही, एवढ्या एका प्रश्नावर हा वाद उभा आहे.

म्हादई नेमकी कुठली?

नदीचा उगम कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगडच्या जंगलात होतो. पुढे ती सत्तरी तालुक्यातून गोव्यात शिरते. खाली तिलाच मांडवी म्हणतात आणि पणजीजवळ ती समुद्राला मिळते.

तिचं खोरं २,०३२ चौरस किलोमीटरचं आहे. त्यातलं १,५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि फक्त ७७ चौरस किलोमीटर महाराष्ट्रात येतं. गोव्याचं ४२ टक्क्यांहून जास्त क्षेत्र या एका नदीच्या खोऱ्यात आहे. म्हणूनच गोव्यात म्हादईला जीवनदायिनी मानतात.

कर्नाटकला हे पाणी कशासाठी हवंय?

हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या नऊ लाखांच्या वर होती. शहराची तहान बरीचशी मलप्रभेवरच्या नविलुतीर्थ धरणावर भागते. पण याच धरणावर बेळगाव, धारवाड, गदग आणि बागलकोट जिल्ह्यांतली शेतीही अवलंबून आहे. पाऊस कमी झाला की शहर आणि शेत एकाच पाण्यासाठी समोरासमोर येतात.

यावर कर्नाटकने काढलेला तोडगा म्हणजे कळसा-भांडुरा प्रकल्प. या दोन नाल्यांचं पाणी अडवून मलप्रभेत सोडायचं. नरगुंद आणि नवलगुंदच्या पर्जन्यछायेतल्या शेतकऱ्यांनी यासाठी २०१५ पासून मोठं आंदोलन केलं. त्यांच्या दृष्टीने पश्चिमेला समुद्रात जाणारं पाणी वायाच जातं.

लवादाने काय दिलं?

२०१० मध्ये केंद्राने म्हादई जलतंटा लवाद नेमला. कालव्याचं काम सुरू झालं होतं, त्यातून पाणी वळवू नये असा अंतरिम आदेश लवादाने २०१४ मध्ये दिला. अंतिम निवाडा ऑगस्ट २०१८ मध्ये आला.

चारपैकी तीन वर्षं तरी खात्रीने मिळेल असं खोऱ्यातलं पाणी लवादाने १८८.०६ टीएमसी धरलं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३२ कोटी लिटर. वाटणी अशी झाली:

- गोवा: २४ टीएमसी
- कर्नाटक: १३.४२ टीएमसी
- महाराष्ट्र: १.३३ टीएमसी

कर्नाटकच्या वाट्यातले ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी आहेत आणि १.५ टीएमसी खोऱ्यातल्याच गरजांसाठी. डोंगरापलीकडे मलप्रभेत नेण्यासाठी मिळाले ते ३.९ टीएमसी: कळशातून १.७२ आणि भांडुऱ्यातून २.१८. कर्नाटकची मागणी याच्या जवळपास दुप्पट होती.

दोन टक्क्यांवरून एवढी चिंता का?

१८८ पैकी ३.९ म्हणजे जेमतेम दोन टक्के. मग गोव्याचा जीव का खालीवर होतो? आकडा लहान असला तरी गोव्याच्या भीतीला तीन कारणं आहेत.

पहिलं, १८८ टीएमसी हा वर्षभराचा आकडा आहे. पाणी वर्षभर सारखं वाहत नाही. बहुतेक पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत येतं आणि निघून जातं. एप्रिल-मे महिन्यात नदीत जी बारीक धार उरते, ती मुख्यतः वरच्या जंगलातल्या झऱ्यांची असते. त्या दिवसांत वरून किती पाणी येतं, याला महत्त्व आहे.

दुसरं, मांडवीत भरतीचं पाणी समुद्रापासून बरंच आत चढतं. वरून येणारं गोडं पाणी त्याला मागे रेटतं. गोड्या पाण्याचा जोर कमी झाला की खारेपणा आणखी वर सरकण्याची भीती असते. नदीकाठची खाजन शेती, मासे आणि पाणीपुरवठा, सगळं या तोलावर उभं आहे.

तिसरं, खोऱ्यातच वापरलेल्या पाण्याचा काही भाग झिरपून पुन्हा नदीत येतो. डोंगरापलीकडे नेलेला थेंब मात्र म्हादईला कायमचा मुकतो.

पण गोव्यालाही एक प्रश्न विचारला जातो. तुमच्याकडे इतका पाऊस पडतो, तर तो साठवता किती? पावसाळ्यातलं बहुतेक पाणी समुद्रात जातं हे खरंच आहे आणि कर्नाटकच्या युक्तिवादाचं बळ त्यातच आहे.

यात महाराष्ट्र कुठे?

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात. तिथल्या विर्डी धरणाला गोव्याचा आक्षेप आहे, कारण ते पाणी वाळवंटी नदीतून पुढे मांडवीला मिळतं. शिवाय कणकुंबी ज्या खानापूर तालुक्यात आहे, त्यावर सीमावादात महाराष्ट्राचा दावा आहे. भाषेची सीमा, राज्याची सीमा आणि पाण्याची सीमा या तिन्ही इथे वेगवेगळ्या जागी आहेत.

गाडी कुठे अडली?

निवाडा फेब्रुवारी २०२० मध्ये राजपत्रात आला, पण तिन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकच्या सुधारित आराखड्याला मंजुरी दिली आणि गोव्यात संताप उसळला. गोव्याची भिस्त वन्यजीव कायद्यावर आहे. म्हादई अभयारण्यात येणारा प्रवाह आमच्या मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीशिवाय वळवता येणार नाही, असं गोवा म्हणतो. निवाड्याची अंमलबजावणी पाहण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये ‘प्रवाह’ या प्राधिकरणाला मंजुरी दिली.

त्यामुळे यापुढे म्हादईची बातमी दिसली की फक्त ‘किती टीएमसी’ एवढंच पाहू नका. पाणी कुठल्या महिन्यात उचलणार, उन्हाळ्यात खाली किती सोडणार आणि ते मोजणार कोण, हेही पाहा. धारवाडच्या नळाला पाणी येणार का आणि मांडवीचं पाणी गोडं राहणार का, हे त्या उत्तरांवर ठरेल.