हंसराज आणि कांचेची पेटी

पावसाळ्यांत सह्याद्रीच्या ओल्या कड्यांवर व जुन्या दगडी भिंतींच्या फटींत हंसराज नांवाचा नाजूक नेचा उगवतो. काळा चकचकीत देंठ आणि पाण्याचा थेंब न ठरणारीं पातळ हिरवीं पानें हें त्याचें रूप. म्हणूनच प्राचीन ग्रीकांनीं या जातीच्या नेच्यास 'न भिजणारा' अशा अर्थाचें नांव दिलें. इंग्रज लोक त्यास मेडनहेअर म्हणतात. परंतु भिजण्याचें वावडें असलेल्या या वनस्पतीस कोरडी हवा मात्र क्षणभरहि सोसत नाहीं. घरांत आणलेला हंसराज थोड्याच दिवसांत करपतो तो यामुळेंच. या दुखण्यावरील उपाय लंडनच्या एका डॉक्टरास योगायोगानें सांपडला.

नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड हे लंडनच्या पूर्व भागांत वैद्यकी करीत. घरामागें दगड रचून त्यांनीं नेचे लाविले होते. पण कारखान्यांच्या धुरानें ते सारे मेले. १८२९ च्या सुमारास त्यांनीं एका पतंगाचा कोश ओल्या मातींत पुरून कांचेच्या बाटलींत ठेविला व वर झांकण घातलें. पतंग बाहेर पडण्यापूर्वींच त्या मातींतून एक नेचा आणि गवताचें एक रोप वर आलें! दिवसां मातींतील ओल वाफ होऊन वर चढे, कांचेवर थेंब जमत आणि ते पुन्हा खालीं उतरत. पाण्याचा एक थेंबहि न घालतां तीं दोन्ही रोपें जवळजवळ चार वर्षें जगलीं. पुढें झांकण गंजलें, पावसाचें पाणी आंत शिरलें आणि तीं नाहींशीं झालीं.

समुद्रप्रवासांत खारा वारा व गोड्या पाण्याची टंचाई यांमुळें बहुतेक रोपें वाटेंतच मरत. १८३३ सालीं वॉर्ड यांनीं नेचे व इतर रोपें भरलेल्या दोन बंद पेट्या सिडनीस पाठविल्या, त्या सुखरूप पोंचल्या. अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून यांनीं १८४८ ते १८५१ या काळांत चीनमधील चहाचीं रोपें हिमालयाच्या पायथ्याकडे आणलीं. ज्या पेटीचा आरंभ एका नेच्यापासून झाला, तिनें व्यापाराची दिशाच बदलली.

१८४५ सालीं इंग्लंडांत कांचेवरील कर उठला आणि अशा पेट्या मध्यम वर्गाच्या दिवाणखान्यांत आल्या. नेच्यांचें हें वेड इतकें बळावलें कीं १८५५ सालीं चार्ल्स किंग्स्ली यांनीं त्यास 'टेरिडोमेनिया' असें नांवच दिलें. मग हौशी लोक व विक्रेते यांनीं डेव्हनच्या समुद्रकांठच्या कड्यांवरील हंसराज मुळासकट उपटून नेला. ज्या प्रेमानें तो घरांत जगविला, त्याच प्रेमानें कडे उघडे पडले.

हंसराज पाळणाऱ्यानें या इतिहासांतून दोन गोष्टी घ्याव्या. कुंडी प्रखर उन्हांत न ठेवतां उजेडांत ठेवावी. माती सदा ओलसर असावी, पण पाणी तुंबूं नये. कुंडीखालीं ओल्या खड्यांची ताटली ठेवावी. चुलीचा धूर आणि पंख्याचा वारा लागूं देऊं नये. पानें करपल्यास तीं बुडाशीं छाटून माती ओली राखावी; मुळें जिवंत असल्यास नवे कोंब फुटतात. ही पहिली गोष्ट. दुसरी अशी कीं, रोप रोपवाटिकेंतून घ्यावें किंवा स्नेह्याच्या कुंडींतील गड्डा विभागून आणावें. भिंतीवरचा हंसराज भिंतीवरच शोभतो.