शुश्रूषा करणाऱ्याच्या वाट्याचे अन्न

वर्षावासात विहारांतून रुग्ण भिक्खूचा प्रसंग हटकून सांगितला जातो. अतिसाराने ग्रासलेला तो भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले आणि दोघांनी त्याला उचलून मंचकावर निजविले. हा भिक्खू इतरांच्या उपयोगी पडत नसे, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकले नव्हते. हिशेब पाहून सेवा करावयाची नसते, हे तथागतांनी तेथे संघाला समजाविले. येथवरचा भाग सर्वांना ठाऊक आहे. परंतु सेवा करणाऱ्याच्या पोटाचे काय, हा प्रश्नही महावग्गाच्या त्याच चीवरक्खंधकात येतो, आणि तो विचारते एक गृहिणी.

श्रावस्तीची विशाखा मोठ्या कुटुंबाची धनीण होती. तिने तथागतांकडे आठ वर मागितले. आयुष्यभर संघाला पावसाळ्यातील स्नानवस्त्र, येणाऱ्या व जाणाऱ्या भिक्खूंना भोजन, रुग्णास भोजन व औषध, नित्य यागू म्हणजे आपली पेज, भिक्खुणींना स्नानवस्त्र देण्याची अनुमती तिला हवी होती. आठातला एक वर रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याच्या भोजनाचा होता. त्याचे कारण तिने अगदी स्वयंपाकघरातले दिले. भिक्खूंना माध्यान्हानंतर भोजन वर्ज्य. शुश्रूषा करणारा स्वतःसाठी भिक्षाटनास गेला की रुग्णाचे अन्न आणण्यास त्याला उशीर होतो, वेळ टळते आणि रुग्ण उपाशी राहतो. ज्याने पाहुण्यारावळ्यांचा, आजाऱ्यांचा संसार रांधला आहे, त्यालाच हे सुचावे. तथागतांनी आठही वर मान्य केले.

ऋतूची जाणही विनयात आहे. शरद ऋतूतील आजाराने भिक्खूंना पेज व अन्न पचेना, ते ओकून पडू लागले. तेव्हा तूप, लोणी, तेल, मध व काकवीसारखे फाणित ही पाच औषधे घेण्याची मुभा मिळाली, प्रथम योग्य वेळी व पुढे कोणत्याही वेळी. भाद्रपद-आश्विनातल्या तापाने घरे कशी निजतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

राजगृहात दुष्काळ पडला तेव्हा षड्वर्गीय भिक्खू चांगली भोजने स्वतःकडे ठेवून निकृष्ट इतरांना देऊ लागले. त्यावर भोजन वाटणारा नेमण्याचा नियम झाला. त्याच्या ठायी पक्षपात, द्वेष, मोह आणि भय नसावे. शलाकांवर भोजने बांधून, त्या एकत्र मिसळून वाटप करावे. पुढे मृत भिक्खूच्या पात्र-चीवराचा प्रश्न आला, तेव्हा ते शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावे असे ठरले. शुश्रूषा करणाऱ्यांत एक श्रामणेर होता. त्यालाही समान भाग मिळाला. वयाने व दर्जाने लहान, पण सेवा सारखी, म्हणून वाटाही सारखा.

उष्टे-शिळे अन्न सोडा असे बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बजावले. गावाच्या दारातील उष्टे आम्ही सोडले. घरातल्या चुलीपाशी मात्र आजही अनेक ठिकाणी सर्वांचे झाल्यावर तव्यावरची शेवटची, करपलेली भाकरी आणि भगुल्याच्या बुडचे कालवण घेऊन बसते ती रांधणारीच. सासूबाईंच्या आजारपणात रात्र जागलेली सूनही तीच. तिच्या भोजनाचा वर मागणारी विशाखा घरात कोण, हे आम्ही पुरुषांनी स्वतःस विचारलेले नाही.

विहारांतही फारसे वेगळे घडत नाही. भोजनदानाच्या वहीत तांदूळ, गूळ, तेल देणाऱ्यांची नावे रकमेसह लिहिली जातात. चार तास चुलीसमोर बसणाऱ्यांची नावे बहुधा कोठेच नसतात. येत्या आश्विन पौर्णिमेला त्या वहीत एक रकाना वाढवावा आणि पहिली पंगत त्यांची बसवावी, असे आम्ही सुचवितो. वाढण्याचे काम आम्ही करू.